सीपीके १४,२०० आलाय. मांडीचा तुकडा काढावाच लागतो का?

पावसाळी | ३ ऑगस्ट, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. इचलकरंजीला असतात. गेल्या वर्षी ताप हटेना म्हणून रक्त तपासलं तर लिव्हरच्या तपासणीतले दोन आकडे खूप वाढलेले: एसजीपीटी २८० आणि एसजीओटी २४०. तिथून आठ महिने नुसतं लिव्हर, लिव्हर आणि लिव्हर. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोनदा सोनोग्राफी झाली, शरीरात तांबं साठतंय का म्हणून डोळेही तपासले. तेल-तूप बंद, अंडं बंद. पोरगं वरणभातावर आलं. बिलिरुबिन मात्र कायम नॉर्मल, कावीळ कधीच नाही. आमची आई सारखी म्हणायची, "अगं, पोटात काय बघताय, तो जिना चढताना गुडघ्यावर हात रोवतो ते बघा." पण आजीचं कोण ऐकतंय.

शेवटी मिरजेच्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्याला जमिनीवर बसवलं आणि खाऊ दाखवून उठायला सांगितलं. तो मांड्यांवर हात टेकत टेकत उठला. त्याच दिवशी सीपीके (स्नायू फुटतोय का ते सांगणारी रक्ततपासणी) करायला लावला: १४,२००. रिपोर्टवर नॉर्मलची वरची मर्यादा २०० च्या आसपास छापलीय.

आता दोन मतं आहेत. एक डॉक्टर म्हणतात जनुकीय तपासणी पुरे. दुसरे म्हणतात मांडीतून स्नायूचा तुकडा काढून पाठवू. बहीण हादरलीय. माझा प्रश्न साधा आहे. रक्तात एवढा मोठा आकडा दिसतोय, तर मांसात असं वेगळं काय दिसणार आहे? एवढ्याशा पोराला कापायचं कशासाठी?

खवचट_आजोबा | ३ ऑगस्ट, रात्री ११:१५

आजीचं ऐकायला हवं होतं. (मी आजोबा असून सांगतोय, म्हणजे बघा.)

जिमकर | ३ ऑगस्ट, रात्री ११:३१

घाबरू नका ताई. माझा सीपीके एकदा ९,००० आला होता. वर्षभराने जिमला गेलो आणि पहिल्याच दिवशी पायांचा व्यायाम रेटून केला. तीन दिवस कमोडवर बसता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले पाणी पी, आठवड्याने परत कर. दहा दिवसांनी २१० वर आला. मी क्रिएटिन पण घेत होतो, त्यामुळेही वाढला असेल.

पांढरा_डगला | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

@जिमकर, क्रिएटिनची पावडर खाऊन क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. तुमचा सीपीके वाढला तो व्यायामाने. क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि क्रिएटिन कायनेज या एका घरातल्या तीन जावा आहेत, नावं सारखी आणि स्वभाव वेगळे. सीपीके म्हणजे तिसरी.

@पावसाळी, मी बालरोगतज्ज्ञ आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, आणि मूल न पाहता निदान करणार नाही. पण लिव्हरच्या भानगडीबद्दल लिहायलाच हवं, कारण हे सारखं घडतं.

एसजीपीटी आणि एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये असतात हा गैरसमज आहे. दोन्ही स्नायूतही असतात. स्नायूच्या तंतूंची पडदी गळकी झाली की आतला ऐवज रक्तात येतो, त्यात सीपीके येतं, ही दोन येतात, एलडीएच येतं, अल्डोलेज येतं. लिव्हर प्रोफाइलच्या कागदावर यातली दोनच छापलेली असतात, म्हणून सगळे लिव्हरकडे धावतात. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे जीजीटी. ते स्नायूतून येत नाही. एसजीपीटी वाढलेलं, जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल, आणि मुलगा उशिरा चाललेला असेल, तर आधी सीपीके करा. काही मुलांची याच गोंधळात लिव्हर बायोप्सी होते. तुमच्याकडे तेवढं तरी टळलं.

आणि त्याचं अंडं लगेच चालू करा.

पावसाळी | ४ ऑगस्ट, सकाळी ९:२०

जीजीटी जुन्या रिपोर्टात सापडलं. १४. नॉर्मल. आठ महिने फाइलमध्येच होतं. काय बोलू आता.

अंड्याचं बहिणीला कळवलं. आज पोराने दोन खाल्ली.

घाटमाथा | ४ ऑगस्ट, दुपारी १:४२

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. ड्युशेन, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारा जनुकीय आजार. नऊव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीत. बुद्धिबळात मला रोज हरवतो. हे आधी सांगतो, कारण लोक लगेच 'अरेरे' लिहितात.

आमचंही लिव्हरपासूनच सुरू झालं. सीपीके चौथ्या वर्षी २२,००० होता. आज २,५०० च्या आसपास असतो. नातेवाइकांना वाटतं सुधारणा आहे. आमच्या एका मामांनी तर पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आकडा उतरलाय कारण गळायला स्नायूच कमी उरलेत. त्यामुळे ताई, सीपीके दर महिन्याला करत बसू नका. निदानाच्या दारापर्यंत नेण्यापुरतं ते काम करतं. पुढे आजार किती वाढला ते पोरगं किती सेकंदात जमिनीवरून उठतं, दहा मीटर किती सेकंदात चालतं यावरून कळतं.

बायोप्सी आमची २०१४ मध्ये झाली. आज झाली असती तर बहुधा लागलीच नसती. पुढे कुणी जाणकार सांगेलच.

तेलमालिश | ४ ऑगस्ट, दुपारी ३:१०

आमच्या ओळखीत एका मुलाचा सीपीके तीन महिन्यांच्या अभ्यंगाने १५,००० वरून ६,००० झाला. वैद्यांनी लेखी दिलंय. बायोप्सी वगैरे करून शरीरात वात वाढवू नका.

घाटमाथा | ४ ऑगस्ट, दुपारी ३:२६

वरचा माझाच प्रतिसाद वाचा हो. तीन महिने पोराला पाटावर झोपवून मालिश केलं तर धावपळ कमी होते, आणि धावपळ कमी झाली की सीपीके उतरतो. आम्ही हलकं मालिश अजून करतो, त्याला बरं वाटतं म्हणून. आकड्यासाठी नाही.

शब्दवेडा | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५५

थोडं अवांतर. आयुर्वेदात 'पेशी' म्हणजे आपण ज्याला मसल म्हणतो ते, आणि 'स्नायू' म्हणजे सांधे बांधून ठेवणारे पट्टे. मराठीत आपण स्नायूला मसल केलं आणि पेशीला सेल. म्हणजे वैद्य आणि डॉक्टर दोघांनी 'स्नायूचा आजार' म्हटलं तरी बोलणं एका वस्तूबद्दल असेलच असं नाही. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात, तो शब्द वापरायला हरकत नसावी.

खवचट_आजोबा | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०२

लॅबवाल्याला "विकर तपासा" सांगून बघा. "विकारविलसित काय ते नाटकवाल्यांना विचारा" म्हणेल.

क्रायोस्टॅट | ५ ऑगस्ट, सकाळी ८:१३

अखेर माझ्या कामाचा धागा. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या मसल लॅबमध्ये एकवीस वर्षं टेक्निशियन होतो, आता निवृत्त. मूळ प्रश्नाकडे येतो. मांसात काय दिसतं?

रक्तातला सीपीके एवढंच सांगतो की कुठेतरी स्नायू फुटतोय. का फुटतोय ते सांगत नाही. थायरॉइड मंदावलं तरी सीपीके वाढतो, कोलेस्टेरॉलच्या गोळीने वाढतो, दंडात इंजेक्शन घेतलं तरी थोडा वाढतो, आणि जिमकरांचं आपण ऐकलंच. कारण शोधायला मांसात जावं लागतं.

ड्युशेनमध्ये नसतं ते डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन. तंतूच्या पडदीला आतून आधार देणारं. १९८७ मध्ये ते ओळखलं गेलं. त्याआधी डॉक्टर स्लाइडवर मेलेले तंतू, चरबी आणि गोल गरगरीत झालेले तंतू बघून अंदाज बांधायचे. आता आम्ही मांसाच्या कापावर डिस्ट्रोफिनची अँटिबॉडी लावतो. निरोगी स्नायूत प्रत्येक तंतूच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, षटकोनी फरशांच्या सांध्यात सिमेंट भरल्यासारखी. ड्युशेनमध्ये फरशा दिसतात, सांधे कोरे. कुठे एखाददुसरा तंतू रंगलेला असतो, त्यावर जाऊ नये. बेकर या त्याच आजाराच्या सौम्य प्रकारात रेघ असते पण फिकट, तुटक.

एक अँटिबॉडी पुरत नाही. प्रथिनाच्या सुरुवातीची, मधल्या दांड्याची आणि शेपटाची अशा तीन लावतात, कारण अर्धवट तयार झालेल्या प्रथिनाचं एक टोक असतं आणि दुसरं नसतं. शिवाय स्पेक्ट्रिन या पडदीतल्या दुसऱ्या प्रथिनाची चौथी लावतात. ती पडताळणीसाठी. स्पेक्ट्रिनच नीट रंगलं नाही तर पडदीच खराब झालीय, म्हणजे तुकडा वाया गेलाय. अशा तुकड्यावर 'डिस्ट्रोफिन नाही' असा शेरा मारणं म्हणजे दिवे गेलेले असताना घरात कुणी नाही म्हणण्यासारखं.

त्यापुढे वेस्टर्न ब्लॉट. मांस वाटून त्यातली प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करतात. डिस्ट्रोफिन ४२७ किलोडाल्टनच्या पट्टीवर दिसतं. पट्टी नाही तर ड्युशेन. पट्टी खाली सरकलेली किंवा फिकट असेल तर बेकरकडे झुकतं. रक्तातून हे कळत नाही, कारण डिस्ट्रोफिन सीपीकेसारखं रक्तात वाहत येत नाही.

क्रायोस्टॅट | ५ ऑगस्ट, सकाळी ८:४०

राहिलंच. बायोप्सी करायचीच ठरली तर हे सर्जनच्या हातात कागदावर लिहून द्या. तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकायचा नाही. सवयीने टाकतात. फॉर्मालिनमध्ये विकर (घ्या शब्दवेडा) मरतात. सलाइनमध्ये बुडवायचाही नाही. सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, कोरड्या डबीत, डबी बर्फात. आणि लॅबमध्ये माणूस आहे याची खात्री करून मगच सुरी लावायची. शनिवारी दुपारी काढलेले तुकडे सोमवारी आमच्याकडे यायचे, तेव्हा त्यांचा खिमा झालेला असायचा.

लॅबमध्ये आयसोपेंटेन द्रव नायट्रोजनमध्ये गार करून त्यात तुकडा काही सेकंदांत गोठवतात. सावकाश गोठला तर आत बर्फाचे खडे होतात आणि स्लाइड अनारशासारखी जाळीदार दिसते. अनारसा खायला चांगला, वाचायला नाही.

तुकडा केवढा? लहान मुलात शेंगदाण्याएवढा.

खवचट_आजोबा | ५ ऑगस्ट, सकाळी ९:०१

अनारसा, खिमा, शेंगदाणा. धागाकर्ती पाककृती विभागातून आल्याचा परिणाम.

पावसाळी | ५ ऑगस्ट, सकाळी ९:३३

हसले. बऱ्याच दिवसांनी. क्रायोस्टॅट काका, तुमचा प्रतिसाद छापून बहिणीला पाठवला.

पांढरा_डगला | ५ ऑगस्ट, रात्री ९:१८

क्रायोस्टॅट यांचा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला. आता 'आधी काय' याबद्दल.

डिस्ट्रोफिनचं जनुक प्रचंड आहे, ७९ एक्सॉन, म्हणजे जोडून वाचायचे तुकडे. ड्युशेनच्या बहुतांश मुलांत त्यातले एक किंवा अनेक एक्सॉन गळालेले किंवा दुप्पट झालेले असतात. हे एमएलपीए नावाच्या तपासणीत साध्या रक्तावर कळतं. म्हणून आज क्रम असा: सीपीके, मग एमएलपीए, त्यात सापडलं नाही तर जनुकाचं पूर्ण वाचन, आणि तरी कोडं राहिलं तरच मांस. तुमचे दोन्ही डॉक्टर चूक नाहीत. एक आजचं सांगतायत, एक कालचं. आणि कधी कधी कालचंही लागतं.

बायोप्सी असो वा दाताची शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञांना आजाराची शंका आधी सांगायची. या मुलांना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध द्यायचं नसतं, हुंगायच्या भुलेचे वायूही टाळतात. स्नायू एकदम फुटून रक्तातलं पोटॅशियम उसळतं आणि हृदय थांबू शकतं.

वेगळाच_मी | ६ ऑगस्ट, रात्री १२:५०

बायोप्सीला नावं ठेवणाऱ्यांसाठी नाही, बायोप्सीवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांसाठी लिहितोय.

विसाव्या वर्षी मला चवड्यांवर उभं राहता येईना. सीपीके ११,०००. बायोप्सी झाली, रिपोर्टात 'सूज आणि दाहाच्या पेशी'. निदान पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह. तीन वर्षं स्टेरॉइड खाल्ली. तोंड भोपळ्यासारखं झालं, साखर वाढली, ताकद तसूभरही वाढली नाही. मग दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, "डिस्फर्लिन तपासलं का?" कुणीच तपासलं नव्हतं. डिस्फर्लिन म्हणजे फाटलेली पडदी शिवणारं प्रथिन. ते नसलं की स्नायूत दाहाच्या पेशीही जमतात, म्हणून स्लाइड पॉलिमायोसायटिससारखी दिसते. मजा म्हणजे डिस्फर्लिन रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींतही असतं, त्यामुळे माझं खरं निदान शेवटी रक्तावरच पक्कं झालं.

मांस खोटं बोललं नव्हतं. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

क्रायोस्टॅट | ६ ऑगस्ट, सकाळी ७:२२

@वेगळाच_मी, पटलं. आमच्या फॉर्मवर 'कशाची शंका आहे' हा रकाना असायचा, निम्मे डॉक्टर तो कोरा ठेवायचे. मग आम्ही सगळे रंग लावायचे? मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) आजारात गोमोरी ट्रायक्रोम या रंगावर तंतूच्या कडेला लाल चिंध्या दिसतात, सीओएक्सचा रंग लावला की काही तंतू कोरे राहतात. ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या साखरेच्या) आजारात पीएएस नावाचा रंग लावावा लागतो. प्रत्येकाचा कप्पा वेगळा.

आणि जागाही महत्त्वाची. जो स्नायू पार गेलाय त्यात फक्त चरबी मिळते. जो अजिबात बिघडला नाही त्यात काहीच मिळत नाही. जीएनई नावाचा एक आजार आहे, त्यात मांडीचा पुढचा स्नायू शेवटपर्यंत शाबूत राहतो. तिथूनच तुकडा घेतला की रिपोर्ट जवळपास साफ, आणि रुग्ण बिचारा पाय ओढत घरी. शिवाय ईएमजीची (स्नायूतली वीज मोजायच्या तपासणीची) सुई जिथे टोचली तिथून तुकडा घ्यायचा नाही, सुईचीच जखम आजारासारखी दिसते.

धापवाला | ६ ऑगस्ट, दुपारी १२:०४

मीही मांसामुळेच सुटलो. मॅकआर्डल. लहानपणी पीटीचे सर 'कामचुकार' म्हणायचे, कारण पहिल्या दोन मिनिटांत पायात गोळे यायचे, आणि दहा मिनिटं कशीबशी ढकलली की मी मजेत धावायचो. त्यांना वाटे नाटक. एकदा गड चढून आल्यावर लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली तेव्हा घरचे घाबरले. बायोप्सीत फॉस्फोरिलेज नावाच्या विकराचा रंग चढलाच नाही. हा आजार १९५१ मध्ये लंडनच्या डॉ. मॅकआर्डल यांनी सांगितला: व्यायाम करूनही रक्तात लॅक्टेट वाढत नव्हतं. स्नायूत साठवलेली साखर असते, पण कोठाराची किल्ली नसते.

आता चढण्याआधी गुळाचा खडा खातो आणि पहिली दहा मिनिटं म्हातारीसारखा चालतो. सरांना रिपोर्ट नेऊन दाखवायची फार इच्छा होती, पण ते राहूनच गेलं.

जिमकर | ६ ऑगस्ट, दुपारी १२:३०

गुळाचा खडा! प्री-वर्कआउटचे अडीच हजार वाचले.

कार्डिफकर | ७ ऑगस्ट, पहाटे २:१५

मी वेल्समध्ये राहते. इथे १९९० ते २०११ पर्यंत नवजात मुलग्यांच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबावर सीपीके करून ड्युशेन शोधायचे. माझ्या शेजारणीच्या मुलाचं निदान तसंच झालं, तो दीड महिन्याचा असताना. ती म्हणते, "चार वर्षं सुखाची गेली असती ती गेली नाहीत." पण तिची बहीण त्याच वर्षी गरोदर होती आणि तिला वेळेत तपासणी करता आली. ती बहीण मात्र म्हणते बरं झालं कळलं. दोघी एका टेबलावर बसून भांडतात. मला अजून ठरवता आलेलं नाही कोण बरोबर.

घाटमाथा | ७ ऑगस्ट, सकाळी ६:५०

कार्डिफकरांनी बहिणीचा विषय काढलाच आहे, तर अवघड गोष्ट लिहितो. पावसाळीताई, तुम्ही मुलाच्या मावशी आहात ना? हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. तुमच्या बहिणीकडून आलं असेल तर ते तुमच्या आईकडून आलेलं असू शकतं, आणि मग तुमच्याकडेही असू शकतं. सुमारे एक तृतीयांश मुलांत बदल नव्यानेच झालेला असतो, तेव्हा आईकडेही नसतो. पण तपासल्याशिवाय कळत नाही. आमच्या मेहुणीने दोन वर्षं हा विषय टाळला. मी टोचून बोलत नाहीये.

पावसाळी | ७ ऑगस्ट, रात्री ११:५८

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. खरंच नव्हता. मी तर 'बहिणीच्या मुलाचा आजार' म्हणून इथे आले.

माझं लग्न मागच्या वर्षी झालं. बाकी काय लिहू.

उद्या माझा सीपीके करून येते.

पांढरा_डगला | ८ ऑगस्ट, सकाळी ७:१०

थांबा. वाहक बायकांत (बदललेलं जनुक असतं पण सहसा आजार दिसत नाही अशा) निम्म्याहून अधिक जणींचा सीपीके थोडा वाढलेला असतो, पण बाकीच्यांचा नॉर्मल येतो. म्हणजे वाढलेला आला तर शंका बळावते, नॉर्मल आला तर सुटका होत नाही. आधी भाच्यात नेमका बदल कुठला ते सापडू दे. मग तोच एक बदल तुमच्यात, आईत आणि बहिणीत शोधायचा. गुन्हेगाराचा फोटो हातात आल्यावर शोध सोपा होतो. बहीण वाहक निघाली तर तिच्या हृदयाचा इको अधूनमधून करायचा, हेही लक्षात ठेवा.

पावसाळी | ८ ऑगस्ट, दुपारी १:०५

उशीर झाला डॉक्टर, सकाळी सातलाच उपाशीपोटी जाऊन आले. ९६ आला. आनंद झाला होता तेवढ्यात तुमचा प्रतिसाद वाचला. (उपाशीपोटी जायची गरज नव्हती असं लॅबवाली म्हणाली. तो वेगळाच राग.)

मॉडेल_टाउन | ९ ऑगस्ट, रात्री ८:४४

मूलपेशी उपचारांचा विचार केला का? व्हॉट्सॲपवर एका क्लिनिकची जाहिरात आली आहे, १००% गॅरंटी लिहिलंय.

घाटमाथा | ९ ऑगस्ट, रात्री ८:५१

आमचे साडेचार लाख त्यातच गेले. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर द्यायचे नाहीत. गॅरंटी हा शब्द दिसला की पळा. त्यापेक्षा अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रोफी आहे. ते कामाला येतं.

पावसाळी | २ सप्टेंबर, रात्री १०:१२

एमएलपीए आलं. काही सापडलं नाही. सगळे ७९ एक्सॉन जागेवर.

घरात दोन गट पडलेत. बहिणीच्या सासरचे म्हणतात म्हणजे आजार नाही, लिव्हरच होतं. आई म्हणते, "मग तो उठताना गुडघ्यावर हात का ठेवतो?"

क्रायोस्टॅट | २ सप्टेंबर, रात्री १०:३०

तुमच्या आईंना आमच्या लॅबमध्ये घ्यायला हवं होतं.

एमएलपीए मोठी गळती बघतं. एखादं अक्षर बदललं असेल तर ते त्याला दिसत नाही. पूर्ण वाचन करा.

पावसाळी | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४०

पूर्ण वाचनात डिस्ट्रोफिनच्या जनुकात दोन एक्सॉनच्या जोडाजवळ एका अक्षराचा बदल सापडला. पण रिपोर्टात लिहिलंय 'अनिश्चित महत्त्वाचा'. म्हणजे चोर आहे की पाहुणा, ते त्यांनाही माहीत नाही. बंगळूरच्या निम्हान्स रुग्णालयात दाखवून आलो. ते म्हणाले आता मांसच सांगेल.

तर फिरून तिथेच आलो. शेंगदाण्याएवढा तुकडा.

पांढरा_डगला | १४ ऑक्टोबर, रात्री ९:०२

'कधी कधी कालचंही लागतं' म्हणालो होतो ते हेच. जोडाजवळचा बदल कधी जोड पूर्ण बिघडवतो, कधी अर्धवट. अर्धवट बिघडला तर थोडं बरं प्रथिन तयार होतं. किती होतं ते जनुकाच्या कागदावर वाचता येत नाही, स्नायूतच मोजावं लागतं. भुलेचं लक्षात ठेवा.

तेलमालिश | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४५

माझं आधीचं बोलणं लागलं असेल तर माफ करा. पोराला आशीर्वाद.

पावसाळी | २९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

रिपोर्ट आला. जमेल तसा लिहिते, चुकलं तर काका सुधारतील.

तुकडा मंगळवारी सकाळी काढला. क्रायोस्टॅट काकांचा कागद मी खरंच सर्जनना दिला. त्यांनी वाचला, वर बघितलं आणि "हे कुणी लिहिलं?" विचारलं. मी म्हटलं आमचे एक काका आहेत.

तिन्ही अँटिबॉडींनी रेघ दिसते, पण फिकट आणि जागोजागी तुटलेली. स्पेक्ट्रिन व्यवस्थित. ब्लॉटवर पट्टी आहे, योग्य उंचीवर, पण पुसट. मांसातून आरएनए काढून बघितलं तर दोन प्रकारचा निघाला, एक जोड चुकलेला आणि थोडा बरोबर जोडलेला. डॉक्टर म्हणाले बदल हाच कारण आहे हे आता नक्की, आणि चित्र ड्युशेनचं नाही, बेकरच्या बाजूचं आहे. पुढे किती वर्षं चालेल, कसा चालेल, याचं वचन देत नाही म्हणाले. हृदयाचा इको दरवर्षी. पायऱ्या उतरण्याचे, उड्या मारण्याचे व्यायाम नकोत. टाचेचे स्ट्रेचिंग रोज.

बहीण वाहक निघाली. आईचंही तपासलं, आईही. आईला कसं सांगायचं यावर आम्ही दोन दिवस खलबतं केली. ऐकून ती म्हणाली, "माझा भाऊ विशीत काठी घेऊन चालायचा. सगळे पोलिओ म्हणायचे." आणि पोळ्या लाटायला गेली.

घाटमाथा | २९ नोव्हेंबर, रात्री ११:३८

पुसट पट्टी. ताई, आमच्या रिपोर्टात ती जागा कोरी होती. मनापासून बरं वाटलं.

क्रायोस्टॅट | ३० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

बरोबर लिहिलंय, एक शब्दही सुधारायचा नाही. स्पेक्ट्रिन व्यवस्थित आलं म्हणजे तुकडा नीट पोचला. ज्याने बर्फाची डबी नेली त्याला माझ्यातर्फे चहा पाजा.

कार्डिफकर | ३० नोव्हेंबर, दुपारी ४:२०

आणि तुमचं, पावसाळी?

पावसाळी | ३० नोव्हेंबर, रात्री ९:५५

सोमवारी सॅम्पल देतेय. नवरा सोबत येतोय. यावेळी भरपेट खाऊन जाणार.

भाच्याने मांडीवरची पट्टी बालवाडीत सगळ्यांना दाखवली. "माझ्यातलं शेंगदाणं काढलं" म्हणून सांगत सुटलाय, बाई फोन करून विचारत होत्या की नाकात घातलं होतं का.

खवचट_आजोबा | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०३

बाईंना सांगा, भाजलेलं नव्हतं. आणि तुमच्या आईंना माझा नमस्कार.